अब्रू, फिर्याद आणि दाद
(परदेशी गेलेल्या इराणी स्त्रियांच्या घरांचा इतिहास)

मंडळाच्या मंगळवारच्या अभ्यासवर्गात मागच्या पावसाळ्यात एक प्रसंग घडला. आपल्यापैकी एका भगिनीची भाची कॅनडात टोरांटोकडे असते. तिच्या शेजारच्या घरात एक इराणी कुटुंब राही. नवरा तेहरानमध्ये इंजिनियर होता, तिकडे तो टॅक्सी चालवी. बायको एका वृद्धाश्रमात काम करी. भिंती पातळ असल्याने रात्रीचे आवाज भाचीला ऐकू येत. सकाळी ती बाई गळ्याभोवती रुमाल गुंडाळून हसतमुखाने "सलाम" म्हणे. ही हकीकत सांगून झाल्यावर वर्गात क्षणभर कोणी बोलले नाही. मग मागच्या सतरंजीवरून एक वाक्य आले, "त्यांच्यात हे असायचंच, बाई. त्यांचा धर्मच तसा."

माझ्याने तेव्हा उत्तर देववले नाही, कारण उत्तर द्यावयाचे तर ठाऊक असावे लागते. म्हणून गेले वर्षभर, मिळेल तेव्हा आणि मिळेल ते, मी या विषयावर वाचीत गेले. स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा दुसरा विषय सुचेना. आनंदाच्या अंकात असला विषय कशाला, असे काहींनी म्हटले. तथापि संपादक-समितीने "लिहाच" म्हटले, म्हणून लिहिते.

आधी तीन शब्दांविषयी सांगते. अब्रू, फिर्याद आणि दाद. हे तिन्ही शब्द आपण रोज वापरतो आणि तिन्ही इराणातून, फारसीतून, आपल्याकडे आलेले आहेत. 'आब' म्हणजे पाणी आणि 'रू' म्हणजे चेहरा; अब्रू म्हणजे चेहऱ्यावरचे पाणी. आपण एखाद्याचे 'पाणी उतरले' म्हणतो ते याच अर्थाने. 'फर्याद' म्हणजे फारसीत किंकाळी, मोठ्याने फोडलेला टाहो. मराठीत येता येता तिची कचेरीतली फिर्याद झाली. आणि 'दाद' म्हणजे न्याय. इराणात कोर्टाला आजही 'दादगाह' म्हणतात. आपण दाद मागतो ती तीच. पुढे जे सांगावयाचे आहे त्याचा निम्मा भाग या तीन शब्दांत आहे. किंकाळी फुटली की अब्रू जाते आणि किंकाळी फोडल्यावाचून दाद मिळत नाही.

आता इतिहास. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इराणात काजार घराण्याचे राज्य होते. त्या काळी एका निनावी गृहस्थाने 'तादीब-उन्-निस्वान' म्हणजे 'स्त्रियांना शिस्त' या नावाचे पुस्तक लिहिले. बायकोने नवऱ्याशी कसे वागावे, बोलावे, बसावे, याचा त्यात पाठ होता. ते वाचून बीबी खानुम अस्तराबादी या बाईचे पित्त खवळले. तिची आई शहाच्या जनानखान्यात नोकरीला होती, त्यामुळे बीबीला लिहावाचावयास येत होते. तिने १८९५ साली उत्तर लिहिले आणि त्याचे नाव ठेवले 'मआयिब-उर्-रिजाल', म्हणजे 'पुरुषांचे दोष'. दारूडे, जुगारी, गांजेकस, गल्लीतले गुंड, सगळ्यांची तिने एकेक करून झडती घेतली. आणि शेवटी स्वतःच्या संसाराची कहाणीही लपवून ठेवली नाही. नवऱ्याने घरातल्याच मोलकरणीशी मुदतीचा विवाह लावला होता, तेही तिने लिहिले.

हे वाचताना मला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे आठवल्यावाचून राहिल्या नाहीत. त्यांची 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ ची, बीबीच्या तेरा वर्षे आधीची. दोघींना एकमेकींचे नावही ठाऊक असण्याचे कारण नाही. राग मात्र एकाच चुलीवरचा. आणि पुढची गंमत (गंमत म्हणावी का?) अशी की दोन्ही पुस्तके विस्मरणात गेली. ताराबाईंचे पुस्तक स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा छापून उजेडात आणले. बीबी खानुमचे पुस्तक तर हस्तलिखितातच पडून होते. ते छापले गेले १९९२ साली, आणि तेही इराणात नव्हे. देश सोडून गेलेल्या इराणी विद्वानांनी ते अमेरिकेत छापले. निर्वासितांनी सामानात काय काय नेले याची यादी कोणी केली तर तीत हे पुस्तक घालावे लागेल. बीबी खानुम नुसती लिहून थांबली नव्हती. १९०७ साली तिने तेहरानमध्ये राहत्या घरात मुलींची शाळा काढली. धर्मगुरूंनी काहूर केल्यामुळे शाळा काही काळ बंद ठेवावी लागली, मग पुन्हा उघडली.

तेव्हा "त्यांच्यात असायचंच" हे एक वाक्य. आणि "हे असू नये" असे सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांच्याच एका बाईने लिहून ठेवले आहे, हे दुसरे.

पुढे रझा शहाच्या कारकिर्दीत १९२८ ते १९३५ या काळात इराणचा दिवाणी कायदा तयार झाला. फ्रेंच कायद्याच्या धर्तीवर त्याची बांधणी झाली, पण कुटुंबाचा भाग मात्र धर्मशास्त्राप्रमाणेच ठेवण्यात आला. त्यातले ११०५ वे कलम सांगते की कुटुंबाचे प्रमुखपण हा फक्त नवऱ्याचा अधिकार आहे. ११०८ वे सांगते की योग्य कारणावाचून बायकोने आपली कर्तव्ये टाळली तर तिला पोटगी नाही. ११३३ व्या कलमाने नवऱ्याला वाटेल तेव्हा बायकोला सोडचिठ्ठी देण्याची मुभा होती. बायकोला मात्र कोर्टात जाऊन, जगणे असह्य झाले आहे, हे पुराव्याने दाखवावे लागे.

याच कायद्यात १११५ वे कलमही आहे आणि ते मला फार विचार करावयास लावते. नवऱ्याच्या घरात राहण्याने बायकोच्या शरीराला, मालमत्तेला किंवा अब्रूला धोका असेल तर तिने वेगळे राहावे आणि तिची पोटगी चालू राहावी, असे ते म्हणते. म्हणजे मारझोड होते हे त्या कायदेपंडितांना चांगले ठाऊक होते! बाईला दार उघडून दिले, पण त्या दाराची किल्ली न्यायाधीशाच्या खिशात ठेवली. कारण धोका खरोखर आहे की नाही हे ठरवणार तो. चार भिंतींच्या आतला साक्षीदार आणावा कोठून?

या कायद्याविरुद्ध इराणातल्याच सुशिक्षित स्त्रिया झगडल्या. मेहरंगीझ मनूचेहरियान या वकील बाईंनी कायद्याच्या एकेका कलमातला अन्याय दाखवून दिला. पुढे त्या सिनेटर झाल्या आणि १९६८ साली त्यांना संयुक्त राष्ट्रांचे मानवी हक्कांचे पारितोषिक मिळाले. १९६७ साली 'कुटुंब-संरक्षण कायदा' झाला. तोंडी तलाक बंद झाला, घटस्फोट कोर्टातूनच घ्यावा असे ठरले, आणि दुसरी बायको करावयाची तर कोर्टाची परवानगी आवश्यक झाली. १९७५ साली तो कायदा आणखी पुढे गेला आणि मुलीच्या लग्नाचे वय १८ झाले. शहाची राजवट काही देवमाणसांची नव्हती, त्याचे गुप्त पोलीस कुप्रसिद्ध होते. परंतु या एका बाबतीत बायकांना थोडे मोकळे वारे लागले होते, हे मान्य केले पाहिजे.

ते बारा वर्षे टिकले. फेब्रुवारी १९७९ मध्ये क्रांती झाली आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेला, राजवट बदलून दोन आठवडे होतात न होतात तोच, आयातुल्ला खोमेनी यांच्या कचेरीतून कुटुंब-संरक्षण कायदा रद्द झाल्याचे जाहीर झाले. दुसऱ्या शेकडो गोष्टी करावयाच्या असताना बायकांचा कायदा आधी! ८ मार्चला तेहरानच्या रस्त्यांवर हजारो स्त्रिया निघाल्या. बाई न्यायाधीशांना पदावरून उतरविण्यात आले. पुढे २००३ साली शांततेचे नोबेल मिळालेल्या शिरीन एबादी त्यांपैकीच एक. लग्नाचे वय खाली येऊन मुलीसाठी चांद्रवर्षाप्रमाणे ९ झाले. २००२ साली ते १३ वर आले.

तरीही स्त्रियांनी पिच्छा सोडला नाही, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९८० नंतरच्या दशकात लग्नाच्या छापील करारातच बारा अटी घालण्यात आल्या; नवऱ्याने त्यांखाली सही केली तर वाईट वागणुकीच्या कारणाने बायकोला घटस्फोट मागता येतो. सही करणे न करणे त्याच्या मर्जीवर, आणि लग्नाच्या मांडवात 'इथे सही करा' म्हणून हटून बसणारी नवरी किती निघणार? १९९२ साली असाही नियम झाला की बायकोचा दोष नसताना नवऱ्याने सोडचिठ्ठी दिली तर तिने इतकी वर्षे केलेल्या घरकामाची मजुरी त्याने द्यावी. (ही कल्पना आपल्या मंडळात मांडून पाहावी, चहा गार होईपर्यंत चर्चा चालेल.) २००२ साली 'असह्य त्रास' म्हणजे काय याची यादी कायद्यात आली आणि तीत मारझोड हा शब्द स्पष्टपणे आला. ज्यांना हे कोर्ट डोळ्यांनी पाहावयाचे असेल त्यांनी १९९८ चा 'डिव्होर्स इरानियन स्टाइल' हा माहितीपट पाहावा. झीबा मीर-हुसेनी या इराणी विदुषीने एका ब्रिटिश दिग्दर्शिकेबरोबर तो तेहरानच्या कुटुंब-न्यायालयात काढला. त्यातल्या बाया रडतात तशाच भांडतात, न्यायाधीशाला उलट बोलतात, एकमेकींना युक्त्या सांगतात. आपल्या कोर्टाच्या व्हरांड्यात बसल्यासारखेच वाटते.

आता देश सोडलेल्यांविषयी. इराणातून बाहेर पडणे काही १९७९ सालीच सुरू झाले नाही. त्यांपैकी एक जुनी वाट तर आपल्याच दारात येऊन थांबली. यझ्द आणि केरमानकडचे जरथुष्ट्री शेतकरी एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी मुंबईस व पुण्यास आले. त्यांच्यावर इराणात जिझिया कर होता. मुंबईच्या पारशांनी १८५४ साली माणेकजी लिमजी हातरिया यांना तिकडे पाठविले आणि त्यांच्या खटपटीने १८८२ साली तो कर उठला. आलेल्या मंडळींनी कोपऱ्या-कोपऱ्यावर चहाची दुकाने घातली. ब्रून-मस्का आणि संगमरवरी टेबले आपण सर्वांनी पाहिली आहेत. गल्ल्यावर बसणारा म्हातारा इराणीही पाहिला आहे. त्याच्या घरातली बाई मात्र आपल्यापैकी कोणी पाहिली आहे काय? मी तरी नाही.

या बायकांना कोणता कायदा लागू होता हे मी शोधले. १९०८ साली मुंबई हायकोर्टाने पारशी कोण याचा एक गाजलेला निवाडा दिला आणि त्यात इराणातून आलेल्या जरथुष्ट्रींनाही पारशांत धरले. म्हणजे त्यांना पारशी विवाह-कायदा लागू होता. हा कायदा पहिल्याने १८६५ साली झाला. हिंदू बाईला घटस्फोट हा शब्दही परका होता त्या काळात, पारशी बाईला नवऱ्याच्या क्रूरपणामुळे कोर्टाकडून वेगळे राहण्याचा हुकूम मिळू शके. हे मोठेच पाऊल होते. परंतु वेगळे राहणे निराळे आणि सुटका निराळी. १९३६ साली कायदा नवा झाला आणि घटस्फोटाच्या कारणांत 'जबर दुखापत' हे एक कारण आले. आता जबर दुखापत म्हणजे काय? ते त्याच कायद्यात सांगितलेले होते. डोळा जाणे, कान जाणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे, अशी ती यादी.

म्हणजे झाले असे. डोळा गेला तर घटस्फोट. डोळा सुजला पण गेला नाही, तर फार तर विभक्त राहण्याचा हुकूम.  नुसता क्रूरपणा हे घटस्फोटाचे कारण त्या कायद्यात येण्यास १९८८ साल उजाडावे लागले. हा कायदा कोणा मुल्लाने केलेला नव्हता. इंग्रजी शिकलेल्या, सुधारलेल्या समाजाने स्वतःसाठी करून घेतलेला, त्या काळी सगळ्या हिंदुस्थानात पुढारलेला म्हणून वाखाणला गेलेला कायदा होता हा. मागच्या सतरंजीवरच्या त्या वाक्याला माझे पहिले उत्तर हे आहे.

दुसरी वाट १९७९ नंतरची. क्रांती, मग १९८० ते १९८८ इराकशी युद्ध. राजकीय कार्यकर्ते पळाले, सैन्यभरती चुकवणारे तरुण पळाले, बहाई पळाले, आणि ज्यांना नुसते शांतपणे जगावयाचे होते असेही पुष्कळ निघाले. कित्येक तुर्कस्तानच्या डोंगरांतून पायी गेले. लॉस एंजेलिसमध्ये तर इतके जमले की त्या भागाला गमतीने 'तेहरांजेलिस' म्हणू लागले. स्वीडन, जर्मनी, इंग्लंड, कॅनडा येथे मोठ्या वस्त्या झाल्या. यांतले बहुतेक शहरी, शिकलेले, मध्यमवर्गी होते. यांच्या घरात मारझोड होत असेल असे कोणाला वाटत नव्हते, त्यांना स्वतःलाही नाही.

घरात काय घडले याचे चांगले वर्णन स्वीडनमधून आले. तिथल्या मेहरदाद दरवीशपूर या इराणी समाजशास्त्रज्ञांनी स्वीडनमधल्या इराणी कुटुंबांचा अभ्यास करून २००२-०३ च्या सुमारास तो प्रसिद्ध केला. त्यांना दिसले ते थोडक्यात असे. देश सोडताना नवऱ्याचे सगळे गेले. हुद्दा, मित्र, बैठकीतला मान. बायकोचे मात्र काही गेले आणि काही आले. ती भाषा लवकर शिकली, मिळेल ते काम धरले, मुलांच्या शाळेत जाऊ लागली, आणि तिच्या नावाचे बँकखाते निघाले. घरातला तराजू उलटला. तो उलटलेला पाहून कोणी नवरा नमते घेतो, कोणी घुमा होतो, आणि कोणी हात उचलतो. त्या देशात इराण्यांत घटस्फोट पुष्कळ झाले आणि ते बहुधा बायकांनी मागितलेले होते.

यावरून कोणी म्हणतील, परदेशाने बायका बिघडल्या. आपल्याकडेही मुलगी नोकरीला लागली की असे म्हणणारे असतातच. माझे मत उलट आहे. तेहरानमध्ये ज्या बाईने सोसले तिने तिथे मागितला नाही, कारण मागण्याची सोय नव्हती. स्वीडनमध्ये १९७४ पासून घटस्फोटासाठी कोणाचा दोष दाखवावा लागत नाही. सोय झाली तेव्हा मागितला. फारसीत 'सूख्तन व साख्तन' अशी म्हण आहे. जळावे आणि जुळवून घ्यावे. आणि सासरी निघालेल्या मुलीला म्हणत, पांढऱ्या कपड्यात चाललीस, पांढऱ्या कफनातच परत ये. आपल्याकडे कपड्याचा रंग काय तो निराळा.

सोय झाली असे मी म्हटले खरे, पण ती सर्वांना झाली नाही, आणि येथे मला थोडे सविस्तर सांगावयाचे आहे, कारण हे आपल्या मुलींनाही लागू आहे. नवऱ्याच्या मागून परदेशी गेलेल्या बायकोचा तिथे राहण्याचा हक्क पुष्कळदा नवऱ्यावर टांगलेला असतो. अमेरिकेने १९८६ साली खोट्या लग्नांना आळा घालावा म्हणून नियम केला की नवीन लग्न झालेल्या परदेशी जोडीदाराला पहिली दोन वर्षे अटीवरच राहता येईल, आणि अट काढण्यासाठी अर्ज दोघांनी मिळून करावयाचा. म्हणजे मारणाऱ्याच्या सहीवाचून मार खाणारीला देशात राहता येईना. खोटी लग्ने पकडण्यासाठी जाळे टाकले आणि त्यात खऱ्या लग्नातल्या बायका सापडल्या. १९९० साली मार खाणाऱ्या बायकांना त्यातून सूट मिळाली आणि १९९४ च्या कायद्याने, नवरा तिथला नागरिक किंवा कायमचा रहिवासी असेल तर, अशा बाईला स्वतःचा अर्ज स्वतः करता येऊ लागला. इंग्लंडमध्ये ही सवलत १९९९ साली आली, आणि ती मिळविण्यात साउथॉलच्या आपल्या आशियाई व आफ्रिकी बायकांच्या संघटनेचा मोठा वाटा होता. जर्मनीत आजही काही वर्षे लग्न टिकल्यावरच बायकोला स्वतंत्र हक्क मिळतो, फार हाल असतील तर आधी. कॅनडाने २०१२ साली दोन वर्षांची अट नव्याने घातली, आणि मारणाऱ्याच्या हाती दोरी जाते म्हणून २०१७ साली ती काढून टाकली.

आपल्या मुली संगणकवाल्या जावयांबरोबर अमेरिकेस जातात त्यांचे काय? त्यांचा परवाना अवलंबित बायकोचा असतो. २०१५ पर्यंत तर त्यांना तिथे नोकरीच करता येत नसे; त्यानंतर काहींना करता येऊ लागली. एम. ए., बी. एड. झालेली मुलगी, पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात, फोनचे बिल त्याच्या नावावर. लग्न ठरवताना आपण मुलाचा पगार विचारतो, घर विचारतो. मुलीचा परवाना कोणत्या प्रकारचा असेल, हे विचारलेले मी अजून ऐकले नाही.

इराणी बाईच्या डोक्यावर तर एकाच वेळी दोन देशांचे कायदे असतात. स्टॉकहोमच्या कोर्टाने तिला घटस्फोट दिला तरी इराणच्या दप्तरी ती आपोआप मोकळी होत नाही. तिथे ती अजून त्याचीच बायको. इराणचा १९७३ पासूनचा पासपोर्ट-कायदा सांगतो की विवाहित स्त्रीला पासपोर्टसाठी नवऱ्याची लेखी परवानगी हवी, आणि नवरा तिचे देशाबाहेर जाणे अडवूही शकतो. २०१५ साली इराणच्या स्त्रियांच्या फुटसाल संघाची कर्णधार निलूफर अर्दलान हिला नवऱ्याने संमती न दिल्याने मलेशियातल्या आशियाई स्पर्धेस जाता आले नाही. कर्णधाराची ही कथा! मग आई आजारी आहे म्हणून तेहरानला जाऊ पाहणाऱ्या बाईने काय करावे? गेली आणि अडकली तर मुले इकडे, ती तिकडे. म्हणून कितीतरी जणी इराणी पद्धतीचा घटस्फोटही मिळवू पाहतात, आणि त्याची किंमत मेहेरने देतात. लग्नात नवऱ्याने कबूल केलेली मेहेरची रक्कम सोडून देते, मला मोकळी कर, असा तो सौदा असतो. जी रक्कम तिच्या संरक्षणासाठी ठरली होती तीच सुटकेचा दंड म्हणून भरावयाची.

इतके असूनही पुष्कळशा जणी बोलत नाहीत, याचे कारण कायद्यापेक्षा खोल आहे आणि ते अब्रूत आहे. ही अब्रू नुसत्या घराण्याची नसते. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी तेहरानमधल्या अमेरिकन वकिलातीवर ताबा मिळविण्यात आला, आणि ५२ अमेरिकन माणसे ४४४ दिवस ओलीस राहिली. त्या काळात अमेरिकेतल्या इराण्यांना रस्त्यावर शिव्या खाव्या लागल्या. "आम्ही पर्शियन" असे सांगण्याची चाल पडली, इराणी म्हणवेना. पुढे १९९१ साली एका अमेरिकन बाईच्या आठवणींवरून बोलपट निघाला. तीत इराणी नवरा तिला व मुलीला तेहरानमध्ये डांबून ठेवतो, मारतो. त्या बाईचे दुःख खरे नव्हते असे कोण म्हणेल? पण तो बोलपट पाहून आलेल्या शेजाऱ्यांना प्रत्येक इराणी पुरुष तसाच दिसू लागला. आता ज्या इराणी बाईचा नवरा खरोखरच मारतो तिने काय करावे? पोलिसांना बोलवावे, तर आपल्या सगळ्या लोकांवर बोट दाखवू पाहणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत. गप्प बसावे, तर मार. "त्यांच्यात असायचंच" असे एखादी शेजारीण म्हणते, तेव्हा त्या बाईच्या तोंडावर ती स्वतःच्या हाताने कुलूप घालीत असते. हे माझे दुसरे उत्तर, आणि खरे म्हणजे हेच मला त्या दिवशी द्यावयाचे होते.

आणखी एक लहानशी, पण नित्याची अडचण. बाईला भाषा येत नसली की पोलिसांपुढे किंवा दवाखान्यात दुभाषा लागतो. दुभाषा बहुधा त्याच वस्तीतला, नवऱ्याच्या ओळखीचा. किंवा मग तिचा स्वतःचा दहा वर्षांचा मुलगा. आईने मुलाच्या तोंडून काय काय सांगावे?

या अडचणींतून वाट काढली ती पुन्हा बायकांनीच. १९८४ साली लंडनमध्ये परागंदा इराणी स्त्रियांनी 'नीमे-ये दीगर' म्हणजे 'दुसरा अर्धा भाग' या नावाचे फारसी नियतकालिक सुरू केले. राजकारणी पुरुष-मंडळी क्रांतीचे हिशेब मांडीत बसली असता यांनी घरातले हिशेब मांडले. मग २००२ साली डायना नामी यांनी लंडनमध्ये इराणी व कुर्दी स्त्रियांच्या हक्कांसाठी संस्था काढली. या बाई स्वतः इराणातल्या कुर्दी, १९९६ साली निर्वासित म्हणून इंग्लंडात आलेल्या. तेथे फोन उचलणारी बाई फारसी किंवा कुर्दी बोलते. एवढेच काय ते वैशिष्ट्य, परंतु त्यानेच पुष्कळ साधते. किंकाळी आपल्या भाषेत फुटते, ती दुसऱ्या भाषेत सांगावी कशी?

ज्या देशांत त्या गेल्या तेथले कायदेही हळूहळू शहाणे झाले. कॅनडाने १९९३ साली आश्रय मागणाऱ्या स्त्रियांविषयी खास मार्गदर्शक नियम केले. घरातला छळ आणि त्यापासून संरक्षण न देणारे सरकार हेही आश्रयाचे कारण होऊ शकते, हे त्यांत आले. स्वीडनने १९९८ साली एक निराळाच गुन्हा कायद्यात घातला. त्यात एकेक थप्पड, एकेक धमकी सुटी सुटी मोजावयाची नाही; वर्षानुवर्षांची ती सगळी माळ एकत्र धरून एकच मोठा गुन्हा मानावयाचा. डोळा गेला की नाही हे पाहणाऱ्या आपल्या १९३६ च्या कायद्याशेजारी हे ठेवून पाहावे. आपल्याकडेही २००५ साली घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे. मारच नव्हे, तर शिवीगाळ आणि पैशाची कोंडी यांचाही त्यात समावेश आहे. इराणात मात्र तसा कायदा करण्याची खटपट दहा वर्षांहून अधिक चालली. मंत्रिमंडळाने २०२१ च्या जानेवारीत मसुदा मान्य केला, संसदेने २०२३ साली त्याला तत्त्वतः होकार दिला.

आकड्यांविषयी एकच सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणीत भारतातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याचा छळ सोसल्याचे सांगितले. आपल्या मंगळवारच्या वर्गाला साधारण तीस जणी असतात. हिशेब ज्याचा त्याने करावा; मी सतरंज्यांकडे पाहून केला नाही.

टोरांटोच्या त्या इराणी बाईचे पुढे काय झाले, हे अनेकींनी मला विचारले. भाचीने एके दिवशी जिन्यात तिला चहाला बोलाविले, एवढेच केले. तोडक्यामोडक्या इंग्रजीत दोघी बोलत. तिसऱ्या की चौथ्या चहाला त्या बाईने रुमाल सोडला. पुढे हिवाळ्यात ती मुलीला घेऊन निघून गेली, कोठे ते भाचीला सांगितले नाही आणि भाचीनेही विचारले नाही. जाताना केशराची एक पुडी दारात ठेवून गेली. ती पुडी मागच्या दिवाळीत पुण्यास आली आणि त्या केशराचे श्रीखंड आम्ही काही जणींनी खाल्ले.

'स्त्रीपुरुष तुलना' मंडळाच्या कपाटात दुसऱ्या फळीवर आहे; ज्यांना हवे त्यांनी शनिवारी चार ते सहा या वेळात वहीत सही करून न्यावे. बीबी खानुमच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर २०१० साली निघाले आहे. मराठीत ते करावयास कोणी इंग्रजी चांगले येणारी भगिनी पुढे आली तर लिहून घेण्याचे काम मी करीन.